ऐंशी मिलिमीटरचा पंखा

सर्जेकोटच्या मच्छीमार सोसायटीतून
सुलभा पराडकरचा तिसरा फोन:
"अगो, आज तो बोंबलताच हा.
डिझेल परताव्याची यादी उघडली की
होडी चालू केल्यासारखो."

गेले. पिशवीत ब्रश, ब्लोअर,
पांढऱ्या पेस्टची अर्धी ट्यूब.
कॅबिनेटचं झाकण काढताना
चारातला एक स्क्रू हातातच तुटला.
इथे स्क्रू सैल होत नाहीत, विरघळतात.
आत खाऱ्या हवेचा हिरवट थर,
पालीची दोन अंडी, एक फुटलेलं,
आणि तांबोशीचा एक खवला,
कुठल्या वाटेनं आला देव जाणे.

धूळ उडवली. पाती पुसली.
प्रोसेसरवर नवी पेस्ट, वाटाण्याएवढी.
एक वायर पात्याला घासत होती, ती बांधून टाकली.
सुरू केला.
घर्रर्र.

"नवोच कॉम्प्युटर घेवया?" सुलभानं विचारलं.
मी तिला बाजार सांगितला:
मेमरी चढलीय, बंदीतल्या पापलेटासारखी.
सकाळचा दर संध्याकाळी नसतो.
कोल्हापूरचा होलसेलवाला फोन उचलतो तेव्हा
हॅलोच्या आधी उसासा ऐकू येतो.
नव्या कार्डांच्या बातम्या मी रात्री वाचते,
चिऱ्याएवढं एकेक कार्ड, त्याला तीन तीन पंखे.
वाचते आणि सकाळी
कुणाच्या तरी कीबोर्डमधल्या मुंग्या झटकायला जाते.

बाकावर हरेश्वर कुबल बसले होते,
परताव्याच्या पावतीसाठी.
चाळीस वर्षं ट्रॉलरच्या इंजिनखोलीत,
कान तिथेच ठेवून आलेला माणूस.
गाव त्यांच्याशी ओरडून बोलतं,
ते ओठांकडे बघतात
आणि भलत्याच प्रश्नाचं उत्तर देतात.
ते उठले.
माझा लांब स्क्रूड्रायव्हर न विचारता घेतला,
टोक पंख्याच्या चौकटीवर टेकवलं,
मूठ कानामागच्या हाडावर,
आणि डोळे मिटले.

सुलभानं प्रिंटर थांबवला. का, ते तिलाही माहीत नसावं.

"धूळ न्हय. बेरिंग सुकलाहा."
मग बोटानं हवेत एक गोल काढला
आणि गोलावर एका जागी टिचकी मारली:
"हय. दर फेऱ्याक हय अडाकता."

मी स्टिकर सोलला.
शेजारच्या टेलरकडून मशीनचं तेल,
एकच थेंब, टाचणीच्या टोकावरून.
घर्रर्र खाली बसलं, कुजबूज उरली.
सुलभानं मान वर केली:
भिंतीवरचं घड्याळ टकटक करतं
हे तिला दोन वर्षांनी कळत होतं.

थेंब टिकणार नव्हता, ते मला ठाऊक होतं.
आठवड्यानं नवा पंखा आला, एसटीच्या पार्सलनं,
खोक्यावर आंब्याच्या पेटीची सुतळी.
बसवला. कुबलमामा पावतीसाठी आलेच होते,
पावती अजून आली नव्हती.
त्यांनी हात पुढे केला, मी स्क्रूड्रायव्हर दिला.
टोक चौकटीवर, मूठ हाडावर, डोळे मिटलेले.
बराच वेळ.

"बंद असा."

फिरतोय, मामा! मी ओरडले.
पावतीचा कपटा पुढे धरला, तो फडफडला.
त्यांनी कपट्याकडे पाहिलं.
जागा बदलून पुन्हा टेकवलं.
"माका काय्येक लागना नाय."
स्क्रूड्रायव्हर परत दिला, मूठ माझ्याकडे करून,
जशी कोयती देतात.

टेबलावर जुना पंखा पडला होता,
पात्यांवर तेलाचा डाग.
"ह्यो टाकतलंस?"
मी मान हलवली.
त्यांनी तो उचलला, बोटानं एकदा फिरवला,
अंगठ्याच्या नखाशी धरला,
आणि पहिल्यांदाच
माझ्या ओठांकडे न बघता विचारलं:
"बारा व्होल्ट?"

उत्तराची वाट पाहिली नाही.
"म्हणजे होडयेच्या बॅटरीर चलतलो."